औषध गाठीपाशीच थांबले तर?



कात्रजला आमच्याकडे राहून हाडाच्या कर्करोगावर उपचार घेणाऱ्या, पाड्यावरच्या मुलाच्या आईने मला विचारले, "दुखतो गुडघा, मग केस का गळतात?" मी सांगितले, सलाईनमधले औषध रक्तातून अंगभर फिरते. त्यातल्या डॉक्सोरुबिसिनने हृदयालाही इजा होऊ शकते.

म्हणून संशोधक औषध जेलमध्ये मिसळून गाठीतच टोचून पाहत आहेत. असे काही जेल बाहेर पातळ असतात, शरीराच्या ३७ अंश उष्णतेत घट्ट होतात आणि औषध हळूहळू सोडतात. हाडाच्या कर्करोगासाठी हे काम अजून मुख्यतः प्रयोगशाळेत व प्राण्यांवरच चालू आहे. शिवाय फुफ्फुसात पसरलेल्या पेशींसाठी अंगभर जाणारे औषध लागणारच.

तोवर एवढे करा : मुलाचा गुडघा सुजून रात्री ठणकत असेल, तर चोळू नका, एक्स-रे काढा. आणि या मायलेकरांसाठी प्रार्थना करा.