छत्तीस चिरे

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. सकाळी नऊच्या सुमारास अंगणात चपला काढून एक तरुण आत आला आणि चहा यायच्या आधीच त्याने तीन रंगीत माहितीपत्रकं माझ्यापुढे पसरली. "काका, यातली कुठली घेऊ?"

मुलगा आमच्या सावर्ड्यातलाच. वडील गवंडी, हा ठेकेदार. घरं बांधतो, गडगे घालतो, स्लॅब टाकतो. आजवर भाड्याच्या टेम्पोवर भागवलं. आता स्वतःची पिकअप घ्यायची होती. तिने चिरे, सिमेंट, सळया वाहायच्या आणि काँक्रीटचा मिक्सरही मागे बांधून ओढायचा. त्याचं बोट तिसऱ्या माहितीपत्रकावर होतं. तिघींत ती सर्वांत मोठी, अर्थात सर्वांत महाग.

माझं आयुष्य बँकेत गेलं, उरलेला वेळ कादंबऱ्यांत. बॉनेट उघडून आत गंभीरपणे डोकावणं, यापलीकडे माझं मोटारज्ञान जात नाही. पण गावाकडे अशी समजूत असते की, ज्याने गाड्यांना कर्जं दिली त्याला गाड्या कळतात. कर्ज देणाऱ्याला काय कळतं, हे मला फार उशिरा कळलं. ती हकिकत पुढे येईलच.

आपल्याकडे मालाची लहान गाडी म्हणजे टेम्पो. वास्तविक हे हॅम्बुर्गच्या एका कंपनीच्या गाड्यांचं नाव. १९५८ साली बजाज टेम्पो ही कंपनी निघाली, तिची तीनचाकी रस्तोरस्ती धावू लागली आणि कंपनीचं नाव मराठीत सामान्यनाम होऊन बसलं. १९८६ मध्ये टाटांची ४०७ आली. २००५ मध्ये त्यांचीच एस आली आणि पाऊण टनाच्या त्या गाडीचं लोकांनी 'छोटा हत्ती' असं बारसं केलं. आज एक टनापासून दोन टनांपर्यंत वाहणाऱ्या पिकअप मिळतात. निवड वाढली, तसा घोटाळाही वाढला. पूर्वी मिळेल ती गाडी घेत. आता शेजाऱ्याच्या गाडीपेक्षा मोठी घेतात.

मी त्याला विचारलं, "एका खेपेला किती चिरे आणतोस?"

"साठ-सत्तर. खाणीवर तेवढेच भरतात."

"आणि एका चिऱ्याचं वजन?"

तो हसला. रोज हाताळतो त्या चिऱ्याचं वजन त्याने कधी केलं नव्हतं. जांभ्याचा चिरा आकार आणि ओल यांप्रमाणे पंचवीस ते पस्तीस किलो भरतो. आम्ही तीस धरला. मग त्याच्या मित्राची मधल्या मापाची पिकअप होती, तिचं नोंदणीपुस्तक मागवलं. त्यात दोन आकडे असतात आणि गाडी घेताना ते कुणी वाचत नाही. रिकाम्या गाडीचं वजन १,६५० किलो. माल-माणसांसह परवानगी असलेलं एकूण वजन, म्हणजे आपण ज्याला पासिंग म्हणतो ते, २,९५० किलो. फरक १,३०० किलोंचा. त्यातून चालक धरून तिघांचे दोनशे वजा. उरले अकराशे. भागिले तीस. छत्तीस चिरे!

त्या मित्राच्या गाडीत सत्तर भरत होते. म्हणजे बरोबर एक टन जास्त. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने जादा भाराला वीस हजार रुपये आणि वरच्या दर टनाला दोन हजार असा दंड ठेवला आहे. पण दंड ही त्यातली स्वस्त बाब. महाग बाब मी पाहिलेली आहे.

नव्वदच्या दशकात मी कोकणातल्याच एका शाखेत अधिकारी होतो. असाच एक तरुण टेम्पोसाठी कर्ज मागायला आला. निर्व्यसनी, कष्टाळू. मी त्याचं उत्पन्नाचं कोष्टक मांडलं: दिवसाला दोन खेपा, महिन्याला पंचवीस दिवस, वर्षाला बारा महिने. कोष्टक देखणं होतं. साहेबांनी वाखाणलं. खाली माझी सही.

वर्षाला बारा महिने! कोकणात जन्मलेला मी माणूस, पण बँकेच्या खुर्चीत बसल्यावर पाऊस विसरलो. जून ते सप्टेंबर चिरेखाणी पाण्याने भरतात, बांधकामं थांबतात, आंबा कधीच संपलेला असतो. टेम्पो दारात ताडपत्रीखाली उभा आणि हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला हजर. पावसाळ्यात थकलेलं भरून काढायला त्याने उरलेले आठ महिने दीडपट माल भरायला सुरुवात केली. पाटे तुटले. दोन पाटे वाढवून घेतले, म्हणजे आणखी माल भरता येईल. पाटे वाढवले की हौदा खाली बसत नाही, पण ब्रेक होते तेवढेच राहतात, टायर आणि आस तेवढेच राहतात. पुढच्या वर्षी घाटाच्या उतारावर गाडी गटारात गेली. सुदैवाने जीव वाचला. गाडी दुरुस्त होऊन आली ती कर्जाच्या डोंगरासह, आणि एके दिवशी वसुलीची माणसं ती ओढून घेऊन गेली. लिलावाच्या कागदांवरही सही करायची वेळ माझ्यावरच आली. तो तरुण मला एक शब्दही बोलला नाही. तो बोलला असता तर बरं झालं असतं, असं आजही वाटतं.

हे सगळं मी या मुलाला सांगितलं. तो गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणूनच मोठी घेतो ना काका! जास्त पासिंगची. मिक्सरपण आरामात ओढेल."

युक्तिवाद बिनतोड होता. तेव्हा ओढण्याचा विचार करणं भाग होतं. माझा एक भाचा अमेरिकेत टेक्सासमध्ये असतो. तिकडे पिकअप हे घरचंच वाहन. मागे बोट, घोड्यांची गाडी, फिरतं घर, काहीही बांधून निघतात. त्याला फोन केला. तो म्हणाला, "मामा, ओढण्याचा छापील आकडा बहुधा रिकाम्या गाडीचा असतो. हौद्यात जेवढं भराल तेवढं मागचं कमी करायचं. शिवाय मागच्या ओझ्याचा दहा-पंधरा टक्के भार जोडावर, म्हणजे गाडीच्याच पाठीवर पडतो." आपल्याकडच्या पिकअपच्या माहितीपत्रकांत ओढण्याचा आकडा बहुधा सापडतच नाही. समोरच्या तिन्हींत नव्हता.

दुसरी गोष्ट उताराची. गाडी निवडताना जो तो चढाची चौकशी करतो: 'घाट चढेल ना?' चढताना फार तर गाडी थांबते. खरी परीक्षा उतरताना. मिक्सरला स्वतःचे ब्रेक नसतात. हॉपरसह टनाच्या घरातलं ते धूड उतारावर पुढच्या गाडीला ढकलत असतं आणि दोघांना थांबवायचं काम एकाच गाडीच्या ब्रेकवर येतं. त्यात डिझेल वाचवायला न्यूट्रल करून उतरायची खोड. मग इंजिनाचा आवर राहत नाही, ब्रेक तापतात, तापले की धरत नाहीत. जुने चालक म्हणत, ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतर. आमच्याकडे चिपळूणला जायचं तर कामथ्याचा घाट, कराडला जायचं तर कुंभार्ली. उतार चुकत नाही.

तिसरी गोष्ट कायद्याची. रस्त्यावर ओढून न्यायची ती बंद पडलेली गाडी किंवा रीतसर नोंदणी झालेला ट्रेलर. मिक्सर यांतल्या कुठल्या रकान्यात बसतो, हे विचारायला कुणी जात नाही. विमा कंपनी मात्र अपघातानंतर नेमकं तेच विचारते. शिवाय एकूण वजन ३,००० किलोंच्या वर गेलं की मालवाहतुकीचा परवाना काढावा लागतो. लायसन्सची चिंता तेवढी मिटली आहे. ७,५०० किलोंपर्यंतची मालाची गाडी हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्कं केलं.

"तुझी कामाची वही आण," मी म्हटलं.

दुपारी तो वही घेऊन आला. मागच्या वर्षभरात कुठल्या दिवशी काय वाहिलं, ते आम्ही ओळीने पाहत गेलो. बहुतेक दिवस सेंट्रिंगच्या प्लेटा, टेकू, सिमेंटच्या दहा-पंधरा गोण्या, अवजारं. एक टनाच्या आत. चिऱ्यांच्या मोठ्या खेपा मोजक्या, आणि त्यांतल्याही बऱ्याच खाणवाल्याने स्वतःच्या ट्रकने पोचवलेल्या. आणि स्लॅब? वर्षात अकरा.

"म्हणजे अकरा दिवसांच्या मिक्सरसाठी तू उरलेले तीनशे चौपन्न दिवस मोठ्या गाडीचा हप्ता भरणार."

तो वहीकडे बघत राहिला. त्या अकरा दिवसांसाठी मिक्सर जागेवर आणून देणारा भाड्याने मिळतो, हे त्यालाच माहीत होतं. तोच आणत होता. गाडी रोजच्या कामाला बघून घ्यावी. सणासुदीचं काम भाड्याने करावं. लग्नात शंभर पानं उठतात म्हणून घरात कुणी शंभर पाटांचं स्वयंपाकघर बांधत नाही.

शेवटी हप्त्याचं गणित मांडलं, आणि या वेळी पाऊस धरून. हप्ता समजा नऊ हजार. वर्षाचे झाले एक लाख आठ हजार. ते कमवायचे आठ महिन्यांत. म्हणजे ऑक्टोबर ते मे दरमहा साडेतेरा हजार बाजूला पडले पाहिजेत. नऊ बँकेचे, साडेचार पावसाळ्याचे. ते छत्तीस चिऱ्यांच्या खेपांतून सुटत असतील तरच गाडी घ्यायची. सत्तरच्या खेपांतून सुटत असतील, तर ती गाडी आपल्याला परवडत नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्याने दोनदा आकडेमोड केली. मोठ्या गाडीचं जुळेना. मधलीचं जुळलं.

पौषाचा महिना टाळून माघात गाडी आली. नारळ फोडायला मला बोलावलं होतं. मागच्या फाळक्यावर बाहेरून 'आई-वडिलांची पुण्याई' हे आलंच. म्हणाला, "काका, तुम्ही लेखक. अजून काय लिहू सांगा."

मी काही सुचवलं नाही. चार दिवसांनी गाडी दारावरून गेली तेव्हा थांबवून त्याने फाळका खाली पाडून दाखवला. आतल्या बाजूला, माल भरणाऱ्याला दिसेल असा, पांढऱ्या ऑइलपेंटने मोठा आकडा काढला होता: ३६.

"खाणीवर वाद घालत बसायला नको," तो म्हणाला, आणि फाळका लावून निघून गेला.