भाकरी एक, नावं गावागणिक

दर बारा कोसांवर भाषा बदलते, असं आपल्याकडे म्हणतात. ज्या मेक्सिकोतून मका जगभर गेला, तिथंही हेच आहे. तिथल्या नाहुआ शेतकऱ्यांची भाषा नाहुआत्ल. २०२० च्या जनगणनेनुसार मेक्सिकोत ती बोलणारे सुमारे साडेसोळा लाख लोक आहेत. त्यांचं रोजचं अन्न म्हणजे मक्याची पातळ भाकरी.

मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर ठेवायचा, सकाळी धुऊन पाट्यावर वाटायचा आणि भाकरी थापून मातीच्या तव्यावर भाजायची, ही तिथली जुनी रीत. भाजण्याला जुन्या नाहुआत्लमध्ये 'इश्का' म्हणत. त्यावरून भाकरी झाली 'त्लाश्काल्ली', म्हणजे भाजलेली.

'त्ल'चा झाला 'त'

हुआस्तेका भागात आजही 'त्लाश्काली' म्हणतात. पुएब्ला राज्याच्या उत्तरेकडील डोंगरी गावांत 'त्ल'चा 'त' होतो, शेवटचा स्वर गळतो आणि उरतो 'ताश्काल'. पश्चिमेकडच्या काही बोलींत तर 'त्ल'चा नुसता 'ल' होतो. बदल ठरावीक असल्याने शब्द ओळखू येतो. पण एल साल्वादोर देशातल्या नावात या बहीण-भाषेत भाकरीला चक्क 'तामाल' म्हणतात! मेक्सिकोत तामाल म्हणजे कणसाच्या पानात गुंडाळून वाफवलेला पदार्थ.

पुस्तकात कोणता शब्द?

मेक्सिकोने २००३ च्या कायद्याने आदिवासी भाषांना राष्ट्रीय भाषांचा दर्जा दिला. २००८ च्या सरकारी यादीत नाहुआत्लचे ३० प्रकार नोंदले गेले. आता शाळेच्या पुस्तकात, दवाखान्याच्या फलकावर कोणता शब्द घालायचा? एकच छापला, तर बाकीच्या गावांतल्या पोराला घरची बोली चुकीची वाटू लागते. सगळेच छापायचे, तर खर्च वाढतो.

बोली मागे पडली की काय होतं, ते एल साल्वादोरने पाहिलंय. १९३२ च्या उठावानंतर तिथं हजारो लोक मारले गेले. भीतीपोटी अनेकांनी पोरांशी नावात बोलणंच सोडलं. आज ती येणारी माणसं थोडी, तीही बहुतेक म्हातारी. म्हणून सांतो दोमिंगो दे गुस्मान गावात २०१० पासून नावातची बालवाडी चालते. तिथं शिकवायला गावातल्याच वयस्क बायका आहेत.