ग्रह राहण्याजोगा कशामुळे होतो?

जीवसृष्टीची पहिली गरज द्रवरूप पाण्याची. उकळत्या झऱ्यातले जीवाणू असोत की बर्फाच्या थराखाली तग धरून राहिलेले, पेशीत पाणी नसेल तर पृथ्वीवरचा कोणताही जीव वाढत नाही. म्हणून खगोलशास्त्रज्ञ कुठल्याही ग्रहाचे ताऱ्यापासूनचे अंतर आधी पाहतात. ज्या अंतरावर पृष्ठभागावरचे पाणी उकळून उडून जात नाही आणि कायमचे गोठतही नाही, त्या टापूला वास्तव्ययोग्य पट्टा म्हणतात. नवा ग्रह सापडल्याच्या बातम्यांत सगळा भर या पट्ट्यावरच असतो. आपल्या शेजारच्या दोन ग्रहांकडे नीट पाहिले, की तो भर अपुरा ठरतो.

शुक्र आकाराने जवळपास पृथ्वीएवढाच. सूर्यापासून पृथ्वी १५ कोटी किलोमीटरवर, शुक्र १०.८ कोटी किलोमीटरवर. त्यामुळे त्याच्या वाट्याला जवळजवळ दुप्पट ऊन येते. पण दाट ढग त्यातला सुमारे तीन चतुर्थांश प्रकाश परत फेकतात आणि प्रत्यक्षात शुक्र पृथ्वीपेक्षा कमीच प्रकाश शोषतो. तरीही त्याच्या जमिनीचे तापमान सुमारे ४६५ अंश सेल्सिअस आहे. तिथे शिसेही वितळते. १९८२ साली उतरलेले सोव्हिएत रशियाचे व्हेनेरा-१३ हे यान १२७ मिनिटे टिकले, आणि तेवढेही पुष्कळच म्हणायचे. हा सगळा ताप हवेचा आहे. शुक्राच्या वातावरणात ९६ टक्के कार्बन डायऑक्साइड असून तिथला दाब पृथ्वीच्या ९० पटींहून अधिक आहे. आत शिरलेली उष्णता हे पांघरूण सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही.

कार्बन पृथ्वीवरही ढोबळमानाने तेवढाच आहे, पण तो हवेत नाही. चुनखडीसारख्या खडकांत बंद आहे. पृथ्वी राहण्याजोगी होण्यामागची सर्वांत मोठी गोष्ट हीच. खडकांत कार्बन जिरवण्याचे काम पाऊस करतो, आणि ते सह्याद्रीत डोळ्यांना दिसते. पावसाच्या थेंबात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून सौम्य आम्ल तयार होते. ते काळ्या बेसाल्ट खडकातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम हळूहळू सोडवून घेते. महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारांवरचा तांबडा जांभा म्हणजे असे विदारण होऊन मागे उरलेला भाग. सुटलेली द्रव्ये कृष्णा-गोदावरीच्या पाण्यातून समुद्राला मिळतात. समुद्रातले जीव त्यांतून कवच बांधतात, कवचांचे थर साचून चुनखडी बनते. पुढे कोट्यवधी वर्षांत भूपट्टांच्या हालचालींमुळे यातला काही खडक पृथ्वीच्या पोटात जातो आणि ज्वालामुखींवाटे कार्बन पुन्हा हवेत येतो.

या चक्राला स्वतःला सावरण्याची सोय आहे. हवामान थंड झाले की पाऊस घटतो, विदारण मंदावते, ज्वालामुखींचा वायू हवेत साठतो आणि ऊब वाढते. उष्मा वाढला की याच्या उलट घडते. वॉकर, हेज आणि कास्टिंग या शास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये हे गणित मांडले. सूर्य सुरुवातीला आजच्यापेक्षा सुमारे ३० टक्के मंद होता, तरी पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्स इथले झिरकॉनचे कण ४४० कोटी वर्षांपूर्वीही पृथ्वीवर पाणी असल्याची खूण देतात. सुमारे ७० कोटी वर्षांपूर्वी जवळजवळ सगळी पृथ्वी गोठली होती. त्यातूनही ती बाहेर पडली. मात्र हे सावरणे लाखो वर्षांच्या गतीने होते. माणसाने दोन-अडीचशे वर्षांत हवेत सोडलेला कार्बन तेवढ्या वेगाने खडकांत जिरत नाही.

शुक्रावर हे चक्र चालवायला पाणीच उरले नाही. मंगळाची अडचण वेगळी. बऱ्याच गणितांनुसार तो पट्ट्याच्या आतच बसतो, आणि गेल विवरात क्युरिऑसिटी गाडीला जुन्या सरोवराचा गाळही सापडला आहे. पण त्याचे वस्तुमान पृथ्वीच्या जेमतेम दशांश. इतका लहान ग्रह आतून लवकर निवतो, ज्वालामुखी थंडावतात, चुंबकीय क्षेत्र विझते आणि दुबळे गुरुत्वाकर्षण हवा धरून ठेवू शकत नाही. ही हवा आजही अवकाशात निसटते आहे, हे २०१४ पासून मंगळाभोवती फिरणाऱ्या मेव्हेन यानाने मोजले. आता तिथला हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी आहे. चुंबकीय क्षेत्र गेले की हवा गेलीच, असा नियम मात्र करता येत नाही; शुक्राला स्वतःचे असे क्षेत्र नाही, तरी त्याची हवा दाटच आहे. वस्तुमानाचे पारडे इथे जड वाटते.

पट्ट्याबाहेरही पाणी असते. शनीच्या एन्सेलाडस या चंद्राच्या बर्फाळ कवचाखाली समुद्र आहे. शनीच्या ओढीने चंद्राच्या पोटात घर्षण होते आणि त्या उष्णतेवर तो द्रव राहतो. कॅसिनी यानाने तिथून उडणाऱ्या फवाऱ्यांत क्षार, सेंद्रिय रेणू आणि हायड्रोजन टिपले. सूर्यप्रकाश नसला तरी सूक्ष्मजीवांना पुरेल अशी रासायनिक ऊर्जा तिथे असू शकते.

सुमारे ४० प्रकाशवर्षांवरच्या ट्रॅपिस्ट-१ या ताऱ्याभोवती सात खडकाळ ग्रह असल्याचे २०१७ मध्ये जाहीर झाले. त्यांपैकी तीन तरी पट्ट्यात येतात. पण तो लाल बटू तारा असून त्याच्यावर वारंवार स्फोट होतात, आणि अशा माऱ्यात ग्रहांची हवा टिकते का, हाच खरा प्रश्न आहे. जेम्स वेब दुर्बिणीने २०२३ मध्ये सर्वांत आतल्या ग्रहाची उष्णता मोजली, तेव्हा दाट वातावरणाची काहीच खूण मिळाली नाही. त्याच्या पलीकडच्या ग्रहांवर हवा आहे का, याचा शोध याच दुर्बिणीने चालू आहे.