क्लाउडवरील जावा वेब-आज्ञावली

जावा या संगणकीय भाषेत लिहिलेली व ब्राउझरमधून वापरावयाची आज्ञावली (ॲप्लिकेशन) ती तयार करणाऱ्याच्या संगणकावरून हलवून माहिती केंद्रातील भाड्याच्या संगणकावर सतत चालू राहील अशा रीतीने बसविणे, या क्रियेस क्लाउडवरील उभारणी म्हणतात. भाड्याने मिळणारे असे संगणक, त्यांची साठवण व त्यांना जोडणारे जाळे यांच्या समुच्चयास ‘क्लाउड’ अशी संज्ञा आहे. आज्ञावली स्वतःच्या संगणकावर चालणे आणि ती अनेकांना रात्रंदिवस वापरता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्यांच्यातील अंतर उभारणीने भरून निघते.

पार्श्वभूमी : सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीत जेम्स गॉस्लिंग व त्यांचे सहकारी यांनी जावा विकसित केली व १९९५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. २०१० मध्ये ही कंपनी ओरॅकलने विकत घेतली. जावातील मजकुराचे प्रथम ‘बाइटकोड’ या मध्यस्थ रूपात भाषांतर होते आणि ‘जावा आभासी यंत्र’ तो बाइटकोड चालविते. त्यामुळे विंडोजवर तयार केलेली आज्ञावली लिनक्सवर पुन्हा न लिहिता चालू शकते. ॲमेझॉनने २००६ मध्ये संगणक तासाच्या दराने भाड्याने देण्यास प्रारंभ केला. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, चेन्नई व मुंबई येथे, तर ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबई येथे क्लाउडसाठी माहिती केंद्रे सुरू केली. त्यामुळे पुणे जिल्ह्यातील संस्थेस आपली माहिती जवळपासच्या केंद्रात ठेवणे शक्य झाले.

बारामती-इंदापूर परिसर : नीरा डावा कालवा व उजनी जलाशय यांमुळे हा परिसर ऊसशेतीचा झाला आहे. माळेगाव व सोमेश्वरनगर (ता. बारामती), तसेच भवानीनगर (ता. इंदापूर) येथे सहकारी साखर कारखाने आहेत. बारामती येथील ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट व ऑक्सफर्ड विद्यापीठ यांच्या सहकार्याने ऊसशेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापराचा प्रकल्प हाती घेतला. त्यात उपग्रह, हवामान केंद्र व जमिनीतील संवेदक यांची माहिती क्लाउडवर एकत्र करून शेतकऱ्यास मोबाइलवर सल्ला दिला जातो.

नवशिक्यास उभारणी समजण्यासाठी ऊसनोंदीच्या लहान आज्ञावलीचे उदाहरण सोयीचे आहे. चिटबॉय शेतकऱ्याची लागवड तारीख, उसाची जात व क्षेत्र नोंदवितो. तोडणीचा क्रम मुख्यतः या नोंदीवरून ठरतो. तोड लांबल्यास उसाचे वजन व साखर उतारा घटतो. म्हणून नोंद हरविणे किंवा तारीख चुकणे ही केवळ तांत्रिक चूक राहत नाही. तिचा भार शेतकऱ्याच्या उत्पन्नावर पडतो.

उभारणीचे टप्पे : प्रथम मेव्हनसारख्या साधनाने आज्ञावली व तिला लागणारी ग्रंथालये एकत्र बांधून ‘जार’ किंवा ‘वॉर’ प्रकारची एक फाइल तयार करतात. जार फाइलमध्ये बहुधा वेब-सर्व्हर अंतर्भूत असतो (उदा., स्प्रिंग बूट वापरून केलेली आज्ञावली); वॉर फाइल मात्र टॉमकॅटसारख्या वेगळ्या सर्व्हरमध्ये ठेवावी लागते. त्यानंतर सेवेचा प्रकार निवडतात. नुसता संगणक भाड्याने घेतल्यास त्यावर जावा बसविणे, सुरक्षेच्या दुरुस्त्या करणे इ. कामे स्वतःकडे राहतात. तयार मंचाची सेवा घेतल्यास फाइल चढविणे पुरते व उरलेली बरीचशी कामे सेवा देणारी कंपनी करते. ॲमेझॉनची २०११ मधील ‘इलॅस्टिक बीनस्टॉक’ ही या प्रकारची सेवा प्रारंभी टॉमकॅटवरील जावा आज्ञावल्यांसाठीच होती. नवशिक्यास हा दुसरा प्रकार सोपा जातो. तिसऱ्या टप्प्यात डेटाबेस स्वतंत्रपणे उभारून आज्ञावलीस जोडतात. शेवटी संकेतस्थळाचे नाव व सुरक्षित जोडणीचे प्रमाणपत्र घेऊन आज्ञावली लोकांसाठी खुली करतात.

दक्षता : स्वतःच्या संगणकावर न जाणवणारे काही दोष क्लाउडवर उघड होतात. (१) तयार मंचावरील संगणक केव्हाही बदलला जाऊ शकतो व त्याच्या डिस्कवर लिहिलेले नष्ट होऊ शकते. म्हणून नोंदी डेटाबेसमध्ये आणि छायाचित्रे वेगळ्या साठवण सेवेत ठेवावी लागतात. (२) क्लाउडमधील संगणकांची घड्याळे बहुधा जागतिक प्रमाणवेळेवर असतात व ती भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असते. १५ जानेवारीच्या पहाटे ३ वाजता वजनकाट्यावर आलेल्या उसाची नोंद अशा वेळी १४ जानेवारीच्या तारखेस पडते. हे टाळण्यासाठी आज्ञावलीत भारतीय कालविभाग स्पष्टपणे सांगावा लागतो. (३) डेटाबेसची अक्षरसंकेत पद्धती यूटीएफ-८ नसल्यास शेतकऱ्यांच्या देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात. (४) डेटाबेसचा परवलीचा शब्द आज्ञावलीच्या मजकुरात लिहिल्यास तो मजकूर पाहणाऱ्या प्रत्येकास कळतो. त्यामुळे तो बाहेरून, परिसरचलाच्या रूपात पुरवितात.

खर्च व जबाबदारी : गाळप हंगाम सामान्यतः ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत चालतो. त्या काळात वापर वाढतो व पावसाळ्यात तो अल्प असतो. क्लाउडवर गरजेप्रमाणे संगणकांची संख्या वाढविता व घटविता येते, म्हणून हंगामी व्यवसायास ही पद्धत किफायतशीर ठरते. तथापि वापर नसतानाही चालू ठेवलेल्या संगणकाचे भाडे द्यावेच लागते. त्यासाठी खर्चाची मर्यादा ओलांडताच सूचना मिळेल अशी योजना आरंभीच करतात. शिवारात मोबाइलचा संपर्क तुटल्यास क्लाउडचा उपयोग होत नाही. म्हणून नोंद प्रथम मोबाइलमध्ये साठवून संपर्क येताच पुढे पाठविण्याची सोय ठेवणे इष्ट असते.

क्लाउड कंपनी यंत्रांची देखभाल करते. माहितीच्या बिनचूकपणाची जबाबदारी मात्र आज्ञावली चालविणाऱ्या संस्थेकडेच राहते. चुकून पुसलेली नोंद केवळ राखीव प्रतीवरूनच परत मिळू शकते आणि प्रत परत बसवून पाहिल्याखेरीज ती उपयोगी आहे किंवा नाही, हे कळत नाही. कारखाना बंद असलेला पावसाळा या पडताळणीस सर्वांत सोयीचा काळ होय.