देवाच्या दारचा नगारा

मुंबई-गोवा महामार्गावर रत्नागिरीनजीक पाली हे गाव आहे. अष्टविनायकांतील बल्लाळेश्वराची पाली रायगड जिल्ह्यातली. ही पाली श्रीलक्ष्मीपल्लीनाथाची. कोकणातील देवळांत उत्सवकाळी आरतीच्या वेळी नगाऱ्यावर टिपरू पडले, की ऐकणाऱ्याचे हात आपसूक जोडले जातात. मात्र 'नगारा' हा शब्द मूळचा अरबी आहे, असे कळताच काही भाविकांचे मन साशंक होते. देवाच्या दारी परका शब्द कसा? आमच्या मते या शंकेचे निरसन व्याकरणच करते.

अरबी भाषेत न, क, र या तीन व्यंजनांचा एक धातू आहे. त्याचा अर्थ ठोकणे, टोचणे. पक्ष्याच्या चोचीला अरबीत 'मिन्कार' म्हणतात, ते याच धातूवरून. धातूतील मधले व्यंजन दुप्पट करून त्यापुढे दीर्घ आकार योजला, की ते काम नित्य करणारा, असा अर्थ निघतो. हम्माल, दल्लाल, सर्राफ हे शब्द याच साच्यातले. त्याच साच्याला शेवटी स्त्रीलिंगी प्रत्यय लागून 'नक्कारा', म्हणजे ठोकून वाजवावयाचे वाद्य, हा शब्द सिद्ध झाला आणि फारसीच्या वाटेने मराठीत आला.

मराठीने त्याला आपले वळण लावले. हमाल, दलाल, सराफ यांप्रमाणेच येथेही द्वित्त गळाले. 'क'चा मृदू 'ग' झाला. अरबीत स्त्रीलिंगी असलेले हे नाम आपल्याकडे पुल्लिंगी ठरले. आता ते 'निखारा' या शब्दासारखे चालते : नगारा, नगारे, नगाऱ्यावर. लग्न होऊन आलेली सून सासरचे कुळाचार आपलेसे करते, तसेच हे झाले. देवापुढे निरांजन लावताना तिला माहेर कोणते, असे कोण विचारतो?

दरबारी फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय असावेत, म्हणून छत्रपती शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश रचवून घेतला. स्वभाषेचा तो अभिमान आम्हांस वंदनीयच आहे. परंतु १६७४ मध्ये जेथे महाराजांचा राज्याभिषेक झाला, त्या रायगडावरील भव्य प्रवेशद्वाराला लोक आजही नगारखाना म्हणूनच ओळखतात. पुराणांतील दुंदुभी आणि भेरी यांचा मान त्यामुळे उणावत नाही. त्यांच्या पंक्तीला नगाराही बसला, इतकेच.

तेव्हा यंदाच्या उत्सवात आरतीचा नगारा दुमदुमला, की घरातील मुलांना या शब्दाची ही कुळकथा अवश्य सांगावी.