जुन्या कॅमेऱ्याचा अडलेला पडदा

जर्मनीतील वेट्झलार येथील लाइट्झ कारखान्यात ऑस्कर बार्नाक या यंत्रज्ञाने घडवलेला लायका कॅमेरा १९२५ साली बाजारात आला. १९३२ मध्ये त्याच्या नव्या आवृत्तीत अंतर मोजणारा रेंजफाइंडर भिंगाशी जोडला गेला. त्याच धर्तीवर सोव्हिएत संघात १९३४ पासून खार्किव येथील निराधार मुलांच्या वसाहतीत ‘फेड’ आणि १९४८ पासून मॉस्कोजवळील क्रास्नोगोर्स्क येथे ‘झोर्की’ तयार होऊ लागले. या कॅमेऱ्यांच्या शटरची रचना जवळपास एकच आहे : रबराचा थर दिलेल्या पातळ काळ्या कापडाचे दोन पडदे. इतक्या वर्षांत धातू टिकला, काच टिकली. पण कापड कडक झाले आणि वंगण सुकले.

शटरचा दोष सहसा वेळीच लक्षात येत नाही. कळ दाबली की नेहमीचा आवाज होतो, फिल्म पुढे सरकते आणि सारे सुरळीत चालल्यासारखे वाटते. खरी स्थिती कळते ती फिल्म धुतल्यावर. तोवर बारशाचा सोहळा किंवा वडीलधाऱ्यांची अखेरची भेट कायमची हातची गेलेली असते. म्हणून जुना कॅमेरा वापरण्यापूर्वी त्याची परीक्षा घेणे अगत्याचे ठरते.

परीक्षेआधी रचना समजून घ्यावी. कळ दाबताच पहिला पडदा सरकून फिल्म उघडी करतो आणि दुसरा मागून येऊन ती झाकतो. वेग जास्त असेल तर दोन पडद्यांत केवळ एक अरुंद फट राहते आणि तीच फिल्मवरून धावते. सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका वेग साधतो तो पडद्यांच्या धावेने नव्हे, तर फटीच्या अरुंदपणाने. त्यामुळे पहिला पडदा किंचित रेंगाळला तरी दुसरा त्याला गाठतो आणि छायाचित्राची एक बाजू काळी पडते.

पाठ उघडणाऱ्या कॅमेऱ्यात फिल्म नसताना पाठ काढून उजेडाकडे पाहत शटर चालवावे. पडद्यावर चमकणारे ठिपके दिसले तर ती छिद्रे समजावीत. एक सेकंदाच्या वेगाला आतील दंतचक्रांची घरघर मध्येच थांबली, तर वंगण घट्ट झाले असे समजावे. वेगवान फटीची अचूकता मात्र डोळ्यांना कळत नाही. त्यासाठी प्रकाश टिपणारे मोजणी-यंत्र लागते.

उपचार दोषागणिक बदलतो. सुकलेले वंगण पुसून काढून मोजक्या ठिकाणी तेलाचा अत्यल्प थेंब द्यावा. ते पडद्यांवर ओघळले तर नवीनच दुखणे जडते. बारीक छिद्रांवर लवचिक काळ्या रंगाचा पातळ थर चालतो. जाड थराने कापड ताठरते. कापडाला भेगा पडल्या असतील, तर जुन्या पडद्याच्या मापाने नवा कापून चिकटवावा लागतो. तिरपा चिकटलेला पडदा तिरपाच धावतो, म्हणून हे काम अनुभवी कारागिराचे.

सर्वांत मोठा मोह असतो तो स्प्रिंगचा ताण वाढवण्याचा. पडदा मंदावला की स्क्रू आवळावासा वाटतो आणि क्षणभर गुणही येतो. पण मंदपणाचे मूळ बहुधा मळलेल्या वंगणात असते; वाढवलेला ताण ते झाकतो आणि जीर्ण कापडावर अधिक भार टाकतो. आधी स्वच्छता, मग वंगण आणि अखेरीस गरजेपुरता ताण, हा क्रम मोडू नये.

दुरुस्त झालेल्या शटरचे पथ्य सोपे आहे. या कॅमेऱ्यांत पडद्यापुढे आरसा नसतो. भिंग सूर्याकडे राहिले तर एकवटलेल्या किरणांनी कापड जळते. म्हणून झाकण लावून ठेवावे. शटर चढवलेल्या स्थितीत कॅमेरा कपाटात ठेवू नये. ‘झोर्की-४’मध्ये वेगाची चकती शटर चढवल्यानंतरच फिरवावी, अन्यथा आतील भाग मोडण्याचा धोका असतो. अधूनमधून फिल्मशिवाय सर्व वेगांवर शटर चालवावे. वंगण हलते राहते आणि सुरू होऊ पाहणारा दोष फिल्म वाया जाण्याआधीच ध्यानात येतो.