चिठ्ठीतला सुवाच्य भाग

१९९५ साली अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये एका डॉक्टरने हृदयविकाराच्या रुग्णाला ‘आयसॉर्डिल’ लिहून दिले: २० मिलिग्रॅम, दर सहा तासांनी. अक्षर असे की दुकानात ते ‘प्लेन्डिल’ वाचले गेले. प्लेन्डिल रक्तदाबाचे औषध. दिवसाचा कमाल डोस १० मिलिग्रॅम. रुग्ण काही दिवसांतच दगावला. १९९९ साली ज्यूरीने डॉक्टर आणि फार्मासिस्ट, दोघांनाही जबाबदार धरले.

ही चिठ्ठी पाहून कुणीही आधी अक्षराच्या नावाने बोटे मोडेल. पण खरी गंमत (गंमत म्हणायला जीभ अडखळते) पुढेच आहे. औषधाचे नाव गिचमिड होते, आकडे नव्हते. वीस चोक ऐंशी. कमाल १० चे औषध कुणी दिवसाला ८० कशाला लिहील? चूक पकडण्याची किल्ली चिठ्ठीच्या सुवाच्य भागातच होती! भावी फार्मासिस्टला शिकवायचे ते नेमके हे: अक्षर लावण्यात पटाईत होऊ नकोस. लागलेला अर्थ या माणसाला, या आजाराला, या वयाला बसतो का ते बघ, आणि नाही बसला तर डॉक्टरांना फोन लाव.

हे कठीण का? कारण सराव वाढला की डोळा अक्षर न् अक्षर वाचतच नाही. सुरुवात आणि शेवट पाहून मोकळा होतो. आता हायड्रॉक्सिझिन आणि हायड्रॅलझिन ही जोडी घ्या. पहिले खाज-ॲलर्जीवर, दुसरे रक्तदाबावर. इंग्रजी स्पेलिंगमध्ये दोन्ही अकरा अक्षरी, पहिली चार तीच, शेवटची चार तीच. फरक फक्त मधल्या तिघांचा, म्हणजे डोळा जिथे थांबतच नाही तिथला! म्हणून अशा जोड्यांमधली वेगळी अक्षरे मुद्दाम कॅपिटलमध्ये छापायची पद्धत निघाली.

कधी कधी नावच बदलावे लागते. आम्लपित्तावरचे ‘लोसेक’ अमेरिकेत ‘लेसिक्स’ या लघवी वाढवणाऱ्या गोळीशी गल्लत होते म्हणून १९९० मध्ये ‘प्रायलोसेक’ झाले. मग त्याची गल्लत नैराश्यावरच्या ‘प्रोझॅक’शी होऊ लागली. आगीतून फुफाट्यात! आपल्याकडेही मलेरियावरच्या ‘फाल्सिगो’ आणि ‘फाल्सिटॅब’ या नावांचे भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. औषधांच्या नावांतले साम्य इतर मालापेक्षा कडक कसोटीवर तपासले पाहिजे, असे न्यायालयाने २००१ मध्ये सांगितले.

नावांपेक्षाही लबाड म्हणजे दशांशचिन्ह. १.० मधला ठिपका पुसट झाला की १० होतात; .५ मधला दिसला नाही की ५. डोस थेट दहापट. म्हणून नियम: पूर्णांकापुढे शून्य कधीही नको, अपूर्णांकाआधी नेहमी हवे. साधी शाई, पण हा नियम मला तरी कुठल्याही यंत्राइतकाच भारी वाटतो.

आणि चिठ्ठी बरोबर, औषध बरोबर, तरी घरी जाऊन घोटाळा? होतो. संधिवातावर मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. तेच रोज घेतले तर अस्थिमज्जेचे काम खालावते, तोंड सोलते, जीवही जातो. म्हणून चिठ्ठीवर आणि पाकिटावर वार लिहायचा. त्यातही सोमवार शक्यतो टाळा म्हणतात, कारण इंग्रजीतल्या ‘मंडे’चे ‘मॉर्निंग’ वाचले गेले आहे!

म्हणून शिकणाऱ्यांकडून काउंटरवरच्या बोलण्याचीही तालीम करून घेतात. एकाने पेशंट व्हायचे, दुसऱ्याने औषध द्यायचे. ‘समजलं ना?’ हा प्रश्न इथे बाद, कारण त्याला उत्तर एकच: ‘हो हो’. त्याऐवजी विचारायचे, “आजी, ही गोळी कधी कधी घेणार, सांगा बरं मला.” आजी झालेली मुलगी ठसक्यात म्हणते, “रोज सकाळी, चहा झाला की!” इथे दुसऱ्याने पिशवी परत मागून घ्यायची आणि पहिल्यापासून सांगायला लागायचे, मागे कितीही गिऱ्हाईक खोळंबले असले तरी.